टपालपेटीजवळची बाई

रोंडाला आपली आई भूत झाल्याचं कळलं ते एका मंगळवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, अर्धं सँडविच हातात आणि घास तोंडात असताना. कोलंबस शहरातल्या ज्या चष्म्याच्या दुकानात ती नोकरीला होती, तिथं मागच्या बाजूला एक अरुंद खोली होती. एका भिंतीला काचा घासायचं यंत्र, दुसऱ्या भिंतीला टेबल, आणि मध्ये दोघींनी गुडघे आवरून बसायचं. समोर बसलेली कायली वयानं तिच्या मुलीसारखी होती, म्हणजे रोंडाला मुलगी असती तर. कायलीनं फोन तिच्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, "हे बघ, हे बघ. शनिवारी आमचा ब्रेट आणि त्याची टोळी गेली होती खाली दक्षिणेला, डोंगरात. तिथं एक झपाटलेला रस्ता आहे. माझी तर नुसतं बघूनच फाटली." फोनवर एक अरुंद रस्ता दिसत होता, दोन्ही अंगांना झाडी, उजेड नुकता कलता झालेला. गाडीत पोरं खिदळत होती. मग हॉर्न वाजला, तीनदा. चित्र हललं, स्थिर झालं, आणि उतारावरच्या घराकडून एक फिकट आकृती सावकाश खाली आली, रस्त्याकडेच्या टपालपेटीपाशी उभी राहिली आणि तिनं हात वर केला. हलवला नाही. कोर्टात शपथ घेणारा माणूस धरतो तसा खांद्याशी धरून ठेवला. "हात नको करू! ए, हात नको करू रे!" गाडीतलं पोरगं किंचाळलं आणि चित्र संपलं.

रोंडानं आधी कोट ओळखला. आई मागाहून ओळखली, हे तिला पुढं कितीतरी दिवस टोचत राहिलं. दुधी रंगाचा, कंबरेला पट्टा असलेला तो कोट तिनं शहरात आल्यावर पहिल्या नोकरीच्या मुलाखतीसाठी घेतला होता. पुढं त्याच्या खिशाशी शाईचा डाग पडला, तेव्हा फेकायचा जिवावर आला म्हणून तो आईला दिला. आईनं डागावर एक खिसा शिवला होता. गाडीच्या दिव्यांत तो कोट आतून पेटल्यासारखा दिसत होता, आणि वरचा चेहरा मात्र पार पुसून गेला होता.

"कोण आहे ही?" रोंडानं विचारलं. घास गिळून विचारलं, म्हणजे आवाज बरा निघाला.

"टपालपेटीजवळची बाई. तुला माहीत नाही? तू त्याच बाजूची ना गं?" कायलीनं खुर्चीवर मांडी घातली. गोष्ट सांगायची म्हणजे तिला मांडी लागायची. "मरून पन्नास वर्षं झालीत तिला. तिची पोरगी शहरात गेली ती परत आलीच नाही. ही रोज टपालपेटीपाशी यायची, पत्र बघायला. तिथंच उभ्या उभ्या मेली एक दिवस. आता तीन वेळा हॉर्न दिला की ती खाली येते आणि हात करते. आपण हात करायचा नाही. पेटीत काहीतरी गोड ठेवायचं आणि निघायचं. हात केला की तिला वाटतं आपली पोरगीच आली, आणि ती गाडीमागनं आपल्या घरी येते."

"मग?"

"मग काय. जात नाही. राहतेच. कायमची." कायलीनं डोळे मोठे केले. "तू सांग, कुणाला परवडणार आहे?"

आणि ती हसली. रोंडाही हसली. नंतर तिला आठवलं की आपण हसलो, चांगलं दात दाखवून हसलो, आणि वर म्हणालो, "कोट जुना दिसतोय." त्या वेळी 'ही माझी आई आहे' एवढंच म्हणायचं होतं. ते तोंडाशी येत होतं. पण ते म्हटलं असतं तर पुढचं सगळं म्हणावं लागलं असतं: ती जिवंत आहे, एकटी आहे, तिथंच आहे, आणि मी इथं आहे. सुट्टी संपली. बाहेर एक गृहस्थ चष्म्याची काडी कानाला टोचते म्हणून वाट बघत बसले होते. रोंडानं त्यांच्या कानामागं बोट घालून काडी पाहिली, मऊ व्हावी म्हणून गरम वाळूत धरली, वाकवली, परत लावली. "आता?" ती म्हणाली. "आता बरं," ते म्हणाले. माणसाला इतक्या थोडक्यात बरं करता येतं, याचाच तिला त्या क्षणी राग आला.

त्या रस्त्यावर भुतं होती, नाही असं नाही. लॉरेल फोर्कचा रस्ता भुतांसाठीच ओळखला जायचा, पण ती आपली भुतं होती. ओढ्यालगतचा तो रस्ता, मधे कोळशाच्या आगगाडीचा बोगदा, आणि बोगद्याच्या तोंडाशी कंदीलवाला. हा कुणी रेल्वेतला माणूस, डबे जोडताना गेला, आणि आता कंदील घेऊन स्वतःचं डोकं शोधतो. पुलाखाली ओली मुलगी. चर्चच्या वळणावर काळा कुत्रा, त्याचा मालक कोण ते कुणालाच ठाऊक नाही. रोंडाचे वडील, डेल्बर्ट, कोळशाचा ट्रक चालवायचे आणि ही सगळी मंडळी आपल्या नात्यातली असल्यासारखी त्यांची खबर सांगायचे. "आज कंदीलवाला गारठला होता बिचारा," असं जेवताना म्हणायचे. आई म्हणायची, "पोरीला भिववू नका." ते म्हणायचे, "भिववतो कुठं? शिकवतोय." आणि खरंच शिकवायचे. त्या रस्त्यावर समोरून कुणीही आलं तरी हात करायचा, अशी रीत होती. चाक धरलेल्या हाताचं एक बोट नुसतं वर करायचं, तेवढं पुरे. पाहुणा असो, टपालवाला असो, भांडण झालेला शेजारी असो. ट्रकच्या मागं पोरं बसलेली असली तर त्यांनी अख्खा हात वर करायचा. बोगदा आला की वडील गाडी हळू करायचे आणि मागं ओरडायचे, "हात करा रे त्याला!" सगळी पोरं त्या काळ्या तोंडाकडे हात करायची. "इथं जिवंत कोण आणि मेलेलं कोण ते विचारत बसायचं नाही," ते म्हणायचे. "हात करायचा आणि पुढं जायचं. त्याला तेवढंच हवं असतं. नाही केलात तर मात्र तो बसलाच मानगुटीवर." रोंडा लहानपणी एकदा झोपेतसुद्धा हात करत होती म्हणे. मग खाण बंद पडली, रूळ उचलून नेले, माणसं एकेक करत उत्तरेला गेली. रिकाम्या घरांच्या ओसऱ्या खाली बसल्या. कंदीलवाल्याला हात करायला कुणी उरलं नाही, तसा तोही गेला असावा. वडील गेले. आणि आता त्या सगळ्यांच्या जागी तिची आई एकटी ड्यूटीवर होती, आणि नियमही उलटा झाला होता. कुणी कधी उलटा केला, कुठल्या पोरानं कुठल्या पोरीला घाबरवायला, हे शोधून काढता येण्यासारखं नव्हतं. शोधून तरी काय करणार?

रोंडानं तिकडच्या शेरिफच्या कचेरीत फोन केला. तिथली बाई चांगली होती, हेच वाईट होतं. "रस्ता सगळ्यांचा आहे, बाई," ती म्हणाली. "हॉर्न वाजवणं हा काही गुन्हा नाही. कुणी आत शिरलं, तोडफोड केली, तर कळवा. तुम्ही त्यांच्या कोण?" रोंडा म्हणाली, "मुलगी." पलीकडच्या बाईनं विचारलं, "मग तुम्ही जवळपास राहता का?" रोंडानं आभार मानून फोन ठेवला. नवरा, गॅरी, टीव्हीसमोर पाठीला गरम पिशवी लावून पडला होता. त्यानं मान न वळवता सांगितलं, "आईला सांग, बाहेर येऊ नकोस म्हणून." जगातले सगळे प्रश्न गॅरी असे पडल्या पडल्या सोडवायचा.

शनिवारी ती निघाली. शहर संपलं, मक्याची कापलेली सपाट शेतं संपली, आणि जमीन हळूहळू घड्या घालायला लागली. लॉरेल फोर्कला वळल्यावर पहिलं माणूस दिसलं ते वेंडलकाका. वडिलांचे जुने सोबती, आता रस्त्यावरचे उरलेले एकमेव शेजारी. रस्त्याकडेला हिवाळ्याची लाकडं रचत होते. तिनं गाडी थांबवून काच खाली केली.

"आलीस का?" ते म्हणाले. "ये, ये. तुझी आई आता मोठी नटी झालीय बरं का. आमच्याकडे मात्र कुणी ढुंकून बघत नाही."

"तुम्हाला माहीत आहे?"

"नातवानं दाखवलं फोनवर. मी म्हटलं, अरे गाढवा, ही तर ट्विला आहे. हिनं मला परवा भोपळा दिलाय. तर मला म्हणतो, आजोबा, तुम्ही तिला हात नाही ना केलात?" ते हसले आणि मग हसायचे थांबले. हातातलं लाकूड उगाच उलटसुलट केलं. "हाकलतो मी त्या पोरांना. पण किती हाकलणार? मला पोहोचेपर्यंत ती पळतात. परवा एकानं बाटली फेकली. लागली नाही तिला. तिला वाटलं, कुणाच्या हातून पडली. काचा वेचत बसली होती सकाळी, चाचपडत."

"तुम्ही सांगितलं नाहीत तिला?"

"गेलो होतो की सांगायला. दारापर्यंत गेलो. तर ती मला म्हणते, वेंडल, रस्ता पुन्हा भरायला लागला बघ. डेल्बर्ट असता तर केवढा खूश झाला असता. आता यावर मी काय बोलणार? आणखी एक भोपळा घेतला आणि आलो परत." त्यांनी लाकूड रचलं आणि तिच्याकडे पाहिलं. "घेऊन जा तिला, रोंडा."

"ती यायची नाही, काका."

"विचारलंस?"

"विचारलंय," रोंडा म्हणाली. वेंडलकाकांनी मान डोलावली आणि दुसरं लाकूड उचललं. त्यांचा विश्वास बसला की नाही, हे तिला कळलं नाही.

आई दारातच उभी होती. गाडीच्या आवाजावरून ओळखलं म्हणाली, पण ते खरं नव्हतं, कारण रोंडानं हाक मारेपर्यंत ती तिच्याकडे परक्यासारखी, तोंडभर हसत बघत होती. आईच्या नजरेचा मधला भाग गेला होता. कडेकडेचं दिसायचं. समोरच्या माणसाचा चेहरा बघायचा तर ती त्याच्या कानाकडे, खांद्याकडे नजर लावायची, म्हणजे चेहरा तिला कोपऱ्यातून थोडाफार मिळायचा. रोंडाच्या दुकानात हजार चष्मे होते आणि त्यातला एकही उपयोगाचा नव्हता. हे तिनं आईला समजावून सांगितलं तेव्हा आईनंच तिची समजूत काढली होती. "अगं, मधलंच गेलंय. कडेचं राहिलंय की. रस्ता कडेलाच आहे."

जेवायला घेवड्याचं सूप होतं आणि मक्याचा पाव. आई बोलत होती. इतकी बोलकी ती वडील गेल्यापासून नव्हती. "तुला सांगते, रोंडा, हल्ली संध्याकाळी गाड्याच गाड्या. शनिवार-रविवारी तर विचारूच नको. मला वाटतं, फेल्प्सचं ते रिकामं घर कुणीतरी घेतलं असावं. तरणी माणसं आहेत. आणि त्यांना वळण किती चांगलं बघ, घरावरनं जाताना हॉर्न दिल्याशिवाय जात नाहीत. तुझे बाबा असाच द्यायचे, आठवतं? घरात कुणी आहे हे माहीत असतं म्हणून देतात. मग मला नाही का खाली जावं लागत? घरात बसून कसं चालेल? ओळखीचं कुणी असलं आणि मी हात केला नाही तर किती वाईट दिसेल ते. मला काही चेहरा दिसत नाही. म्हणून मी आपली सगळ्यांनाच करते."

"कोट घालून?"

"मग काय झग्यात जाऊ? चार माणसांसमोर जायचं तर जरा बरं दिसायला नको?"

टेबलावर काचेचं भांडं होतं, चॉकलेटांनी आणि गोळ्यांनी काठोकाठ भरलेलं. आईनं ते पुढं सरकवलं. "आणि हे बघ. टपालपेटीत ठेवून जातात. नाव नाही, गाव नाही. मी म्हटलं, आपणही काही दिलं पाहिजे. म्हणून सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी ठेवली पेटीत. वर फडकं बांधून. दुसऱ्या दिवशी बघते तर नेलेली." त्या बरणीचं काय झालं ते रोंडानं पाहिलं होतं. दुसरी चित्रफीत होती तिची. पोरांनी काठीनं बरणी पेटीबाहेर ओढली होती, "बाईनं रक्त ठेवलंय" म्हणून ओरडली होती, आणि दूर उभं राहून दगडांनी फोडली होती. लाखाच्या वर लोकांनी ते बघितलं होतं. रोंडानं भांड्यातली एक गोळी तोंडात टाकली.

आज सांगायचंच, असं ठरवून ती आली होती. वाक्यंही जुळवली होती. आई, ती माणसं चांगली नाहीत. आई, ती तुला हात करत नाहीत. हे दुसरं वाक्य तिनं गाडीत दोन-तीनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं होतं आणि प्रत्येक वेळी ते आधीपेक्षा वाईट वाटलं होतं. कारण सांगितल्यावर आई काय करणार? दार लावून बसणार. हॉर्न वाजले की दिवा मालवणार. संध्याकाळी कोट घालायचं कारण गेलं की सकाळी उठायचं कारण किती दिवस टिकतं, हे रोंडानं दुकानात येणाऱ्या म्हाताऱ्यांत पुष्कळ पाहिलं होतं. आणि सांगितल्यावर गप्प बसून चालणार नव्हतं. लगेच पुढचं वाक्य म्हणावं लागणार होतं. मग माझ्याकडे चल.

वडील गेले तेव्हा आई तिच्याकडे आली होती, थोडे दिवस. दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा, खाली गाड्या लावायचं पटांगण. आई आल्या दिवसापासून खिडकीत खुर्ची टाकून बसली आणि पटांगणातून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करू लागली. तेव्हा तिला चांगलं दिसत होतं. पहिल्या दिवशी गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या बाईनं जिन्यात रोंडाला थांबवून विचारलं, तुमच्या आईला काही हवं असतं का? तिसऱ्या दिवशी गॅरी म्हणाला, लोक वर बघतात गं. आणि रोंडा खिडकीपाशी गेली आणि आवाज न चढवता, चांगलं समजुतीनं म्हणाली, "आई, इथं असं करत नाहीत." आईचा हात खांद्याशी होता. तिनं तो खाली घेतला आणि दुसऱ्या हातात धरून मांडीवर ठेवला, पोर कुठं चुकलं की ठेवतं तसा. "असं का," ती म्हणाली. "मला काय ठाऊक, बाई." संध्याकाळी तिनं पिशवी भरली. भांडण नाही, तंटा नाही. घरी गेल्यावर फोनवर तिचा आवाज मोकळा होता. त्यानंतर तिनं कधी विषय काढला नाही. रोंडानंही काढला नाही, आणि हे दोघींना सोयीचं आहे असं ती इतकी वर्षं स्वतःला सांगत आली. पण आईला ते सोयीचं होतं की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायची तिला भीती वाटत होती. ही एक गोष्ट तिच्याबद्दल खरी होती, आणि ती गोष्ट कुठल्याशा पोरांनी, तिला न ओळखता, न विचारता, भुताच्या गोष्टीत घालून गावभर केली होती. हात केला की ती घरी येते. मग जात नाही.

"आई," रोंडा म्हणाली.

आईनं नजर तिच्या कानाकडे लावली. म्हणजे ती आता चेहरा बघत होती. सुपाचा वाडगा हातात तसाच होता, आणि ती थांबली होती, नीट थांबली होती, काहीतरी यायचं आहे असं कळून.

"तू दाराला कडी लावतेस ना?"

"लावते की," आई म्हणाली, आणि वाडगा घेऊन आत गेली. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला.

ऊन टेकडीमागं गेलं तशी रोंडा निघाली. आईनं कागदी पिशवीत चॉकलेटं बांधून दिली. "गॅरीला दे. आणि पोहोचलीस की घंटी दे." ही जुनी रीत. फोनला पैसे पडायचे तेव्हाची. पोहोचलं की एक घंटी वाजू द्यायची आणि ठेवायचा. समोरच्यानं उचलायचा नाही. नुसतं कळायचं, पोहोचली. आई सोबत खाली, टपालपेटीपर्यंत आली. संध्याकाळ होती म्हणून कोट घालून आली. पेटीवर हात टेकून उभी राहिली. रोंडानं आरशात तिला लहान होताना पाहिलं.

चर्चच्या वळणावर समोरून एक गाडी आली, दिवे लावलेली, संगीत चाललेलं, आत पोरं. गाडीचा नंबर शहरातला. त्यांनी हात केला नाही. चर्चच्या अंगणात गाडी वळवून रोंडा त्यांच्या मागं लागली. त्यांना थांबवणार होती. काच खाली करायला लावणार होती. ती माझी आई आहे, असं एकेकाच्या तोंडावर म्हणणार होती. मंगळवारचं अर्धवट राहिलेलं वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला ते म्हणायची घाई झाली होती. पुढची गाडी घरापाशी हळू झाली. हॉर्न वाजला, तीनदा. पण आईला उतरून यायची गरज नव्हती. ती पेटीपाशीच होती, मुलीला निरोप द्यायला आलेली, अजून तशीच उभी. दिव्यांचा झोत अंगावर पडला तशी ती उजळली आणि तिनं हात वर केला. पोरं खरोखरीची किंचाळली. ती तयार उभी असेल, हे गोष्टीत नव्हतं. गाडीनं एकदम वेग घेतला, खडी उडाली, आणि लाल दिवे वळणाआड गेले.

आता रस्त्यावर रोंडाची गाडी होती आणि आई होती. आईनं हात खाली घेतला नव्हता. मागं दुसरी गाडी आहे हे तिनं ऐकलं होतं, आणि चेहरा किंचित बाजूला वळवून, दिव्यांच्या कडेला नजर लावून ती हसत होती. ओळखीच्या नसलेल्या माणसासाठी ठेवलेलं, तोंडभर हसू. रोंडानं ब्रेकवर पाय दिला. गाडी जवळजवळ थांबली. काच खाली केली असती तर आईच्या कोटाला हात लागला असता. थांबायचं, दार उघडायचं, म्हणायचं, मी आहे. नाहीतर नुसता हात तरी करायचा. एक बोट वर करायचं, तेवढं पुरे, हे ती चालायला शिकली तेव्हापासून करत आली होती. तिचे दोन्ही हात चाकावर होते. ती त्यांच्याकडे बघत होती. तिचा भुतांवर विश्वास नव्हता, या भुतावर तर नव्हताच. दुपारपासून त्याच्याच हातचं खात होती. तरी बोट उचललं जाईना. उचललं तर ती येईल, असं तिच्या आत कुणीतरी शांतपणे म्हणत होतं, आणि ते पोर नव्हतं, कायली नव्हती, ते तीच होती. लाज वाटली. इतकी वाटली की डोळ्यांपुढचं दिसेना. पाय ब्रेकवरून निघाला आणि गाडी आपोआप पुढं सरकली. आरशात आई हात धरून उभी होती. रस्ता पुढं बोगद्यावरून, टेकडी ओलांडून, दुसऱ्या अंगानं हमरस्त्याला मिळतो. ती त्या लांबच्या वाटेनं घरी गेली.

गॅरी झोपला होता. स्वयंपाकघरातला दिवा न लावताच तिनं फोन केला. एक घंटी वाजू द्यायची आणि ठेवायचा. पण पहिली घंटी संपायच्या आत आईनं उचलला.

"पोहोचलीस?"

"पोहोचले. तू उचललास कशाला?"

"हल्ली पैसे पडत नाहीत म्हणतेस ना तूच. आणि मला तुला एक सांगायचं होतं." आईचा आवाज खुशीत होता. "तू गेलीस आणि पाठोपाठ दोन गाड्या आल्या. पहिली आपली नेहमीची, हॉर्नवाली. पोरं होती, हसत होती. पण दुसरी, अगं, दुसरी हळू झाली. अगदी थांबल्यासारखी झाली माझ्याजवळ. तुझ्या बाबांसारखी. कुणीतरी चांगल्या घरचं माणूस असणार."

रोंडानं हातातली कागदी पिशवी टेबलावर ठेवली.

"ओळखीचं होतं की काय कोण जाणे."

"हात केला का त्यांनी?" रोंडानं विचारलं.

"मला मेलीला कुठं दिसतंय," आई म्हणाली. "केला असेल की. मी आपली केला असंच धरते."

मग तिच्या मागं, लांबून, हॉर्न वाजला. तीनदा. रोंडाला तो स्पष्ट ऐकू आला.

"अगं बाई, आणखी कुणीतरी आलं वाटतं," आई म्हणाली. "थांब हं, आलेच."

"आई, जाऊ नको," रोंडा म्हणाली, पण रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आधीच आला होता. मग खुंटीवरून कोट काढल्याची खसखस. कडी. दार. त्यानंतर काहीच ऐकू येईना. समोर टेबलावर चॉकलेटांची कागदी पिशवी होती. रोंडा अंधारात फोन कानाशी धरून, आई परत घरात येण्याची वाट बघत उभी राहिली.